देवाजवळचं तूप

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी ह्यांची. जानेवारीत बँकेत फुकट मिळाली म्हणून आणली आणि एकोणीस दिवस इमानेइतबारे लिहिली. मजकूर काय, तर सकाळची साखर, संध्याकाळची साखर आणि ‘शोभा चिडली’. एकोणीस दिवसांत अकरा वेळा मी चिडले आहे. विसाव्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. पुढची पानं कोरी.

काल कोमलचा पुण्याहून फोन. लेक आहे, काळजी करणारच. म्हणाली, “आई, तू बोलत नाहीस. निदान लिहीत तरी जा.” मी म्हटलं, काय लिहू? पाळणाघरातल्या सात पोरांपैकी कोणी चड्डी ओली केली ते? म्हणाली, तेच लिही.

तर आज आठवं पोर आलं. आभा, वय वीस महिने. आई भावना, बेलापूरला नोकरी, राहायला सुकापूरला. तिने पोरीआधी एक कागद माझ्या हातात दिला आणि मोठ्याने वाचूनही दाखवला. दूध, दही, ताक, लोणी, पनीर, तूप, अंडं, मासे, कोळंबी. खाली लाल शाईत: ‘यातला एक कणही पोटात जाता कामा नये. जिवाला धोका.’ उष्टावणाच्या दिवशी मामाने अंगठीने खिरीचा थेंब ओठाला लावला आणि पोर निळी पडली म्हणे. म्हणजे या घराचं दुधाने खरोखरच तोंड पोळलंय. ताक फुंकून पितील नाही तर काय. पण ताकही चालत नाही.

दोन पाळणाघरांनी नाही म्हटलं होतं. मी हो म्हटलं. मोठं मन वगैरे काही नाही. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढा अंगात नव्हता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर आवराआवर. आभाचं ताट-वाटी लाल, बाकीच्यांची निळी. बाकीच्यांचं दूध ओट्याच्या एका कोपऱ्यात, तिथून हलायचं नाही. तुपाची बरणी स्वयंपाकघरातून उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली, निरांजनाला तिथेच लागतं. आता स्वयंपाकघरात आभाला बाधेल असं काही मोकळं नाही. वरणभातावर तूप नाही म्हणजे बिचारीच्या घशाखाली घास कसा उतरायचा कोण जाणे, पण कागद म्हणजे कागद.

राहिली हौसा. सहा वर्षं माझ्याकडे आहे. पोरांचं भरवणं-धुणं तीच बघते. कोळीवाड्यातली, नवरा खाडीत मासे धरतो, ही सकाळी बाजारात विकून मग माझ्याकडे येते. म्हणजे मासळी आलीच. तिला सांगितलं, उद्यापासून आल्या आल्या साबणाने दोनदा हात धुवायचे आणि मला दाखवायचे, मी हुंगून बघणार.

“हुंगून?” ती म्हणाली.

“हो, हुंगून.”

“बरं बाई,” म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मीही बघितलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आभाचे वडील सत्यजीत इंजेक्शन शिकवायला आले होते. पेनासारखं असतं, परदेशातून मागवलेलं. एक खोटं, शिकण्यासाठी. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, दहा आकडे मोजायचे, मग पोरीला आडवी ठेवून दवाखाना. मला एकदा सांगितलेलं पुरलं. हौसाने चारदा करून पाहिलं, स्वतःच्याच मांडीवर, लुगड्यावरून. दहा आकडे मोठ्याने मोजले. पोरं हसली आणि सगळी तिच्याबरोबर मोजायला लागली. सातपर्यंत आली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आभा रडत नाही. येते, माझा पदर धरते आणि मी जाईन तिथे मागे. बोलणं दोनच शब्दांचं, ‘दे’ आणि ‘नको’. मला सोयीचं आहे.

सकाळी नऊला पोरं जमली की देवघरापुढे बसवते. निरांजन लावते, पोरं हात जोडतात. तिथेच ह्यांचा फोटो आहे. फुलवाती वाटीतल्या तुपात बुडवल्या की बोटांना तूप उरतंच. ते पुसून कशाला टाकायचं? थंडीचे दिवस, ज्याचे गाल फुटलेत त्याच्या गालाला. वर्षानुवर्षं माझं असंच आहे. आज आभाच्या गालांवर खवले दिसले, तिच्याही लावलं. तिने डोळे मिटून घेतले. मऊ गाल आहेत.

दवाखान्यातल्या तेरा दिवसांत ह्यांचे ओठ सारखे सुकायचे. तोंडात नळी, पाणी देता यायचं नाही. नर्सची नजर चुकवून मी घरून नेलेलं तूप बोटाने ओठांना लावायची. तेवढंच करता येत होतं. हे आज का लिहिलं कळत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हौसाने आज डोकं खाल्लं. मी आभाच्या गालाला तूप लावत होते तर बादली खाली ठेवून उभी राहिली.

“बाई, इचारू का? भावनाताईंनी कागूद वाचला तवा तूप पन म्हनाल्या ना?”

“खायला द्यायचं नाही म्हणाल्या. मी खायला घालतेय का? लावतेय.”

“पन पोर हात तोंडात घालते.”

“हौसा, हे देवाजवळचं तूप आहे. देवाजवळच्या तुपाने कोणाचं वाईट झालंय? शिवाय घरचं कढवलेलं.”

“आमाला काय कलतंय,” म्हणाली आणि बादली उचलली. नाही कळत तर बोलावं कशाला माणसाने.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आभाच्या हनुवटीखाली दोन-तीन लाल गांधी उठल्या. तासाभरात गेल्या. भावनाने न्यायला आल्यावर पोरीला उजेडात धरून इंच इंच तपासली. मग मला विचारलं, “काकू, आज काही वेगळं?” मी म्हटलं, काही नाही, भात आणि साधं वरण. ती म्हणाली, “हौसामावशींचे हात?” मी म्हटलं, रोज हुंगते. पण ती गेल्यावर वाटलं, साबणाने खरंच जातो का मासळीचा वास? की मलाच येत नाही? दहा महिने झाले, मला तसा कशाचाच वास नीट येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मार्गशीर्ष लागला.

हौसाची नवी खोड लक्षात आली आहे. मी तूप लावून पाठ वळवली की ही ओलं फडकं घेऊन आभाचं तोंड खसाखसा पुसते. मग साबणाचा हात, मग पुन्हा ओलं फडकं. बोटं एकेक करून पुसते. पोरीचे गाल लाल होतात. मी एवढ्या मायेने लावायचं आणि हिने पुसून टाकायचं! आज रागावले. म्हटलं, सहा वर्षांत कधी पोरांचं तोंड इतकं पुसलं नाहीस, आताच काय सोवळं आलं? म्हणाली, “पुसलं तर काय बिघडतंय बाई?” उद्धटपणाच हा. ह्यांच्या भाषेत, शोभा चिडली.

खरं सांगायचं तर बरंच वाटलं. राग का होईना, काहीतरी आलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज आभाचा उजवा डोळा सुजला. गाल, कान, मान, सगळीकडे गांधी.

क्रम लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. नऊला निरांजन. पोरं बसली, नेहमीप्रमाणे सगळं झालं. हौसा आज तासभर उशिरा, तिची सहा आसनी रिक्षा चुकली. दहाला आली, हात धुतले, मी हुंगले, आणि आभाला पाहून एकदम ओरडली, “तोंड बगा पोरीचं!” तिला उचलून मोरीत नेलं आणि नळाखाली धुऊ लागली. मी गेले तोवर डोळा अर्धा मिटला होता. भावनाने दिलेलं गांधींचं औषध पाजलं, फोन केला. श्वासाला काही नव्हतं. दोन वाजेपर्यंत उतरलं.

नऊ ते दहा हौसा नव्हती. ती आली, तिने हात लावला आणि डोळा सुजला. याहून स्पष्ट काय हवं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भावना आणि सत्यजीत दोघंही रजा टाकून आले. स्वयंपाकघर पाहिलं. फ्रीज, डबे, फडकी, ओट्याखालची फट. सत्यजीतने मसाल्याच्या डब्याच्या वाट्यासुद्धा उचलून पाहिल्या. काही सापडलं नाही. सापडणार कुठून? मी चोख आहे. देवघराशी आले तेव्हा भावनाने चपला काढल्या, नमस्कार केला, ह्यांच्या फोटोलाही केला. “काका का?” म्हणाली. हो म्हटलं.

मग विषय हौसावर आला. मी म्हटलं, ती आल्यावर झालं, हे खरं. हौसा दारात उभी होती.

“मार्गशीर्ष हाय ताई. आमच्या घरात मासली शिजत नाय सध्या.”

“पण विकता ना?” सत्यजीत म्हणाला.

“इकावं तर लागतंय. पन हात धुते मी. बाई हुंगतात रोज.” आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? मला त्या वेळी फक्त सगळ्यांनी घरी जावं असं वाटत होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हौसाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस.

वाटलं होतं भांडेल. तिने कोपऱ्यातली आपली पिशवी घेतली, ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं, आणि जाताना आभाच्या लाल वाटीवर ताटली झाकून ठेवली. शनिवारी पोरं नसतात, वाटी रिकामीच होती. “पोरीला जपा बाई,” एवढंच म्हणाली.

सहा वर्षं. काही वाटलं नाही. काही वाटत नाही याचंच जरा वाटलं, तेही चहा होईपर्यंत.

३ डिसेंबर, बुधवार

एकटीने आठ पोरं म्हणजे तारेवरची कसरत. वरच्या मजल्यावरची रमा दुपारी तासभर येते. सोमवारी आणि काल निरांजन लावायलासुद्धा वेळ झाला नाही. आजही नाही. फोटोपुढे अंधार. आभा तीन दिवस ठणठणीत आहे, अंगावर एक डाग नाही. भावना म्हणाली, “बघा काकू, हौसामावशीच होत्या.” मी म्हटलं, बरोबर.

८ डिसेंबर, सोमवार

रविवारी महिन्याभराची साय घुसळून लोणी काढलं, तूप कढवलं. बेरीला छान खमंग रंग आला. देवघरातली वाटी भरून ठेवली. वाटीच्या तळाशी बेरीचा थर बसला आहे, पण वातींना काय त्याचं. उद्यापासून निरांजनाचा नेम पुन्हा सुरू करायचा, किती दिवस अंधारात ठेवायचं त्यांना.

थंडी वाढली. आभाचे ओठ उलून रक्ताळले आहेत.

९ डिसेंबर, मंगळवार

इंजेक्शन दिलं. पोरगी जिवंत आहे.

१० डिसेंबर, बुधवार

पाळणाघर बंद ठेवलं.

काल नऊ वाजून दहा मिनिटांनी आभा खोकली. कुत्रं भुंकल्यासारखा कोरडा खोकला. मग ओकली. मग माझा पदर सोडून खाली बसली आणि बसल्या जागी लोळागोळा झाली. ओठ टरारून सुजलेले, रंग पांढऱ्यातून निळसर. मी टोपण काढलं, मांडीला दाबलं, दहापर्यंत मोजलं. घाबरले नाही. स्वयंपाकात मीठ घालताना मोजते तसं मोजलं. रमाला हाक मारली, पोरं तिच्यावर सोपवली, आभाला मांडीवर आडवी घेऊन रिक्षाने दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, “आजी, पाच मिनिटं उशीर झाला असता तर—” आणि माझी पाठ थोपटली. भावना माझ्या पाया पडली.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही, आल्याला दहाच मिनिटं झाली होती. अंगाला काही लावलं? क्रीम, पावडर? मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले नाही. क्रीम नव्हतं आणि पावडरही नव्हती.

सत्यजीत म्हणाला, “त्या बाईंची सतरंजी-बितरंजी राहिली असेल, त्याला मासळीचं काही असेल.” मी मान हलवली. आभाला चोवीस तास ठेवून घेतली आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी नऊला देवघरात बसले. पोरं नाहीत. वाटीत फुलवाती बुडवल्या, निरांजन लावलं. बोटांना तूप होतं. माझं बोट आपोआप वर गेलं, गाल शोधायला. तिथे कोणी नव्हतं. बोट तसंच हवेत राहिलं. मी बोटाकडे पाहिलं. टोकाला बेरीचा तपकिरी कण होता.

एक कणही.

मग ही डायरी मागून पुढे वाचली. तेरा तारखेला हौसाने मला सांगितलं होतं. एकवीस तारखेला ती पुसत होती. सत्तावीसला ती तासभर नव्हती आणि त्याच तासात सूज आली, ती आल्यावर नाही. तिने धुतलं म्हणून डोळ्यावर भागलं. तिला काढल्यावर आठवडाभर पोरगी ठीक होती, कारण मी निरांजन लावलं नव्हतं. नऊ तारखेला पुसायला कोणी नव्हतं आणि मी ओठांना लावलं होतं. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आणि चोर देवघरात हात जोडून बसला होता.

ज्या बोटाने लावलं त्याच हाताने इंजेक्शन दिलं. भावना त्या हाताच्या पाया पडली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कोणाला कळणार नाही. आभा घरी गेली, बरी आहे. भावनाचा फोन आला, “काकू, तुमच्यामुळे ती आहे.” मी म्हटलं, विश्रांती घे.

तूप फेकलं की झालं. हौसाचं काय, तिला दुसरं काम मिळेल. असं सगळं मी दिवसभर नीट विचार करून पाहिलं, आणि मला लाजही वाटली नाही. फक्त जेवण गेलं नाही. फोटोकडे पाहिलं तर ते चष्म्यातून बघत होते, साखर विचारल्यासारखे.

१३ डिसेंबर, शनिवार

कोळीवाड्यात गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या दारात. हौसा ओट्यावर जाळ्याचा गुंता सोडवत होती. उठली नाही, बसा म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तूप, गाल, ओठ, सगळं.

“पोर हाय ना?” तिने पहिलं हे विचारलं.

“आहे. बरी आहे.”

तिने जाळं खाली ठेवलं आणि तोंडावर पदर घेतला. थोड्या वेळाने पदर काढला तेव्हा मात्र ती दयाळू नव्हती.

“मी सांगलेलं तुमाला. तुमी म्हन्लात देवाजवलचं हाय. शिकलेली मानसं तुमी, मी काय बोलनार? मंग पुसत ऱ्हायले. रोज पुसलं. आनि मलाच काढलंत.”

“चुकलं माझं.”

“इथं समद्यांनी इचारलं, काय गो, कोनाच्या पोरीला काय खाऊ घातलंस? माजी सून माज्या नातवाला माज्याकडं देताना हात बगते माजे. तुमचं चुकलं म्हनून ते जानार हाय का?”

मी म्हटलं, सोमवारपासून ये.

“माज्याजवल नका सांगू. पोरीच्या आयसमोर सांगा. माज्यासमोर सांगा. मंग बगू.”

बऱ्याच महिन्यांनी मला कशाची तरी भीती वाटली.

१४ डिसेंबर, रविवार

सुकापूरला गेलो, मी आणि हौसा. दारात भावनाने हौसाला पाहिलं आणि आभाला पाठीमागे घेतलं. हौसाने ते पाहिलं. तेवढ्यासाठी तरी मी तिथे मरून पडायला हवं होतं.

बसले नाही. सांगून टाकलं. डायरी बरोबर नेली होती, ती उघडून सत्यजीतच्या हातात दिली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्याने दोन-तीन पानं वाचली.

“लिहून दिलं होतं तुम्हाला! लाल शाईत!” तो ओरडला. “आणि हे सगळं स्वतःच लिहिताय, तरी कळलं नाही?”

“नाही कळलं.”

“आम्ही तुमच्या पाया पडलो, काकू!”

त्याचं बरोबर होतं. मी ऐकत राहिले. भावना खुर्चीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, “मी लावू नका असं लिहायला हवं होतं. मी फक्त पोटात लिहिलं.” तिने स्वतःला दोष दिला ते मला त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. म्हटलं, “भावना, हा माझा दोष आहे, तू त्यातला वाटा घेऊ नकोस.”

मग ती हौसाकडे वळली. “तुम्ही रोज पुसत होतात?”

“व्हय ताई. तोंड, बोटं. दिसलं तेवढं.”

तेवढ्यात आभा आईच्या मागून निघाली, हौसाच्या लुगड्याला धरलं आणि म्हणाली, “दे.” हौसाने उचलून घेतलं. भावना तेव्हा रडली. मी रडले नाही. डायरी पिशवीत घातली आणि निघाले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बाकीच्या आईबापांनाही सांगितलं, एकेकाला फोन करून. तिघांनी पोरं काढली. चौघांनी ठेवली. तुपाची बरणी आणि ती वाटी रमाला देऊन टाकली. देवापुढे आता तेलाचा दिवा, पोरं यायच्या आधी, आणि नंतर कोपरापर्यंत हात धुते.

हौसा परत आलेली नाही. भावना तिला घरीच आभाला सांभाळायला बोलावते आहे असं कळलं. बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पोरं झोपली की घरात इतकी शांतता असते की दोरीवरचं फडकंसुद्धा दिसतं. ते अजून काढलेलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

भावनाचा फोन. आवाज कोरडा, पण बोलली. “हौसामावशी घरी यायला तयार नाहीत. म्हणतात, पोर चार भिंतींत एकटी कोमेजते, तिला पोरांत ठेवा. आणि म्हणतात, शोभाबाईंकडेच सांभाळते, पण माझ्या नियमाने. सत्यजीतला पटलेलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण माझा विश्वास आता त्यांच्यावर आहे, काकू. तुमच्यावर नाही.”

मी म्हटलं, चालेल.

“बुधवारी अर्धा दिवस आणते. मी स्वतः बसेन.”

चालेल म्हटलं. फोन ठेवल्यावर खोलीभर चार फेऱ्या मारल्या. लाल वाटी घासलेलीच होती, पुन्हा घासली.

३१ डिसेंबर, बुधवार

डायरीचं शेवटचं पान.

साडेआठलाच हौसा आली. कोपऱ्यात पिशवी ठेवली, दोरीवरचं फडकं काढून साबणाने धुतलं. माझ्याकडे पाहून हसली नाही. नऊला भावना आभाला घेऊन आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. चपला पायांतच. आभा मला पाहून पदर धरायला धावली तेवढ्यात हौसा मध्ये उभी राहिली.

“बाई, हात दाखवा.”

मी म्हटलं, धुतलेत.

“धुतले असतील. दाखवा.”

भावना बघत होती. बाकीची चार पोरंही बघत होती. मी दोन्ही हात पुढे केले. हौसाने ते आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, नखं पाहिली. मग खाली वाकून हुंगले, आधी उजवा, मग डावा. सावकाश. घाई केली नाही. सहा वर्षं माझ्याकडे राबलेल्या बाईला मी रोज दारात असं उभं करत होते. तेव्हा तिला काय वाटत असेल ते मला आत्ता कळलं.

तिचे हात खरबरीत आहेत आणि गरम. दवाखान्यातल्या त्या तेरा दिवसांनंतर कोणी माझे हात असे हातांत धरले नव्हते. मी ते काढून घ्यायला हवे होते, पण घेतले नाहीत. तिनेही लगेच सोडले नाहीत.

“हाय, ठीक हाय,” ती म्हणाली आणि बाजूला झाली. आभाने पदर धरला. खाली बघून मला म्हणायचं होतं, ये गं बाळा. त्याऐवजी भिंतीला टेकून मी खालीच बसले. हौसा भावनाला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ताई, जरा बसू द्या त्यांना,” आणि पोरांना घेऊन आत गेली. आतून दहा आकडे मोजल्याचा आवाज येत होता. आज पोरं नऊपर्यंत आली.

सकाळची साखर मोजलेली नाही, संध्याकाळचीही नाही. शोभा रडली.